हाताच्या अंतरावर

श्यामसुंदर मोहित्यांच्या सायकलची घंटी अख्ख्या बिल्डिंगला पाठ होती. पावणे गावातल्या कारखान्यातून सुटले की कोपरखैरण्याच्या त्या अर्ध्यामुर्ध्या बांधलेल्या नव्या वसाहतीत वळताना ते ती हमखास वाजवायचे. कोणी आडवं यायचं म्हणून नव्हे. आडवं यायला तिथे होतं कोण? खडीचे ढीग, सिमेंटच्या गोण्या आणि दिवसभर लोळून कंटाळलेली कुत्री. घंटी असायची ती नुसती 'आलो रे' सांगायला. आणि ती वाजली, की पहिल्या मजल्यावरच्या त्यांच्याच घरातलं हसणं बंद पडायचं.

आता मोहिते म्हणजे काही राक्षस नव्हेत, बरं का. साताऱ्याकडचा सरळ माणूस. कारखान्यात सुपरवायझर, हाताखालच्या लोकांनी नाव काढावं असा. व्यसन म्हणाल तर चहाचं. शनिवारी वाशीहून येताना पोराला आवडते म्हणून खारी आणायचेच आणायचे. एकुलता एक पोरगा, पराग, चौथीतला. जीव होता त्याच्यावर. पण घराघरांतून जी एक रीत असते ना, ती इथेही होती. पोरानं दिवसभरात काही खोडी केली की अरुणावहिनी त्याला हात लावायच्या नाहीत. त्या फक्त म्हणायच्या, "थांब, येऊ देत पप्पांना!" झालं. दुपारी दोनची खोडी संध्याकाळपर्यंत लोणच्यासारखी मुरत पडायची.

मोहिते दारात बूट काढतात न काढतात तोच सुरू: "अहो, ऐकलं का, आज ह्यानं काय केलं?" घसा कोरडा, पाण्याचा तांब्या अजून हातात आलेला नाही, आणि इकडे कोर्ट भरलेलं. गुन्हा पाहिला नाही, साक्षीदार नाही, राग म्हणाल तर तोही नाही. अहो, राग यायला माणूस आधी तिथे असावा लागतो! पण बापाचं काम म्हणून दोन-चार धपाटे व्हायचे. मोहित्यांच्या वडिलांनी तेच केलं होतं, त्यांच्या वडिलांनीही तेच केलं असणार. मग जेवणं व्हायची आणि मोहिते उगाचच जास्तीची खारी पोराच्या ताटलीत सरकवायचे. पोरगं ती खायचं, पण स्वयंपाकघराच्या चौकटीला पाठ लावून. हाताच्या अंतराबाहेर. पाण्याचा पेला दिला तरी स्टुलावर ठेवून मागे सरायचं. एकदा त्याच्या केसांत खडूची भुकटी अडकली होती, ती झटकायला मोहित्यांनी हात पुढे केला, तर पोरानं मान खांद्यात घातली. तो हात तसाच हवेत राहिला.

मग एके दिवशी त्यांनी काय करावं? घंटी वाजवलीच नाही. चोरासारखी सायकल जिन्याखाली टेकवली आणि अर्ध्या जिन्यात उभे राहिले. वर पराग आईला काहीतरी सांगत होता आणि दोघं खदखदून हसत होती. काय विनोद होता देव जाणे, पण मोहिते आपले भिंतीला टेकून ऐकतायत. तेवढ्यात समोरच्या वैशालीताई कचऱ्याचा डबा घेऊन बाहेर आल्या.

"काय हो भाऊजी, असे काय उभे? किल्ली विसरलात?"

"हो, हो, किल्ली," मोहिते म्हणाले. किल्ली त्यांच्या हातातच होती. वैशालीताईंनी ती पाहिली आणि बाई शहाणी, पुढे काही बोलली नाही. मोहिते वर गेले, दार वाजवलं, आणि हसणं थांबलं.

आपण आत जावं आणि ते हसणं थांबू नये, एवढंच त्या माणसाला हवं होतं. पण हे मागायचं कोणाकडे? असलं काही वाण्याकडे मिळत नाही.

परागची शाळा वसाहतीतच होती. शाळा कसली, एका बिल्डिंगचा तळमजला. खिडक्यांना अजून गज नव्हते, दारांना रंग नव्हता, पण चौथीचा वर्ग होता सुचित्राबाईंचा, आणि त्या वर्गाची गोष्टच निराळी. बाई राजापूरकडच्या. अंगानं काडी, आवाज इतका मऊ, की पहिल्या दिवशी पालकांनी एकमेकांकडे पाहून माना हलवल्या होत्या: ही बाई कसली आवरते ही माकडं! मोहिते तर घरून तयारीनंच गेले होते. गावाहून आणलेली निरगुडीची छान तासलेली छडी त्यांनी बाईंच्या टेबलावर ठेवली. "बाई, बिनधास्त हाणा. आमची काही तक्रार नाही."

बाईंनी छडी उचलली, वाकवून पाहिली. "सरळ आहे हो अगदी," त्या खूश होऊन म्हणाल्या. "मला अशीच हवी होती." दुसऱ्या दिवशी मोहिते खिडकीवरून गेले तर त्या छडीला सुतळी बांधून तिच्यावर महाराष्ट्राचा नकाशा टांगलेला. वर्षभर ती छडी नकाशा धरून उभी होती. दुसरं काही काम तिला लागलं नाही.

आणि तरी त्या वर्गात कोणाची टाप नव्हती. बाईंचा नियम एकच, आणि तो पोरांना झोपेतून उठवून विचारलं तरी पाठ: ज्यानं मोडलं, त्यानं नीट करायचं. पूर्ण नीट. नीट झालं की विषय संपला, पुन्हा कोणी तोंडातून काढायचा नाही. एका मुलीनं भिंतीवर कोळशानं चित्रं काढली, तर बाईंनी तिला चुन्याची बादली आणून दिली. पोरगी रडली, हात दुखले म्हणाली, आईला घेऊन आली. बाईंनी आईला चटईवर बसवलं आणि बादली पोरीच्याच हातात ठेवली. अख्खी भिंत झाली तेव्हा सूर्य मावळला होता, आणि तोवर बाई तिथेच बसून होत्या. मग पिशवीतून भुईमुगाच्या शेंगा काढून त्या पोरीबरोबर फोडत बसल्या. बोलणं कसलं, तर राजापूरच्या गंगेचं. भिंतीचं नाव नाही. ही बाई काही वेगळंच रसायन होती, सांगतो तुम्हाला. कडक म्हणावं तर कधी आवाज चढला नाही. मऊ म्हणावं तर केसभर हलली नाही.

तर झालं असं, की वसाहतीतल्या पोरांना क्रिकेटचं वेड लागलं. त्या वेळी कुठल्या पोराला नव्हतं? पण खेळायला जागा म्हणाल तर दोन बिल्डिंगींमधली बोळ. चेंडू जायचा तो थेट कोणाच्या तरी काचेवर. सोसायटीचे सेक्रेटरी अरविंद कर्णिक दर रविवारी तक्रार घेऊन दारात. एका रविवारी मोहिते नुकते जेवून आडवे झाले होते आणि कर्णिक आले, बोलून गेले. मोहिते कूस न बदलताच पोरांवर ओरडले, "अरे, इथेच कशाला मरता? त्या रस्त्यापलीकडे, बोनकोडे गावाच्या अंगाला केवढी जागा पडलीय. फरशीसारखी सपाट. मी रोज सायकलवरून बघतो. जा ना तिकडे!" आणि घोरायला लागले. झोपेत बोललेलं माणसाच्या ध्यानात राहतं थोडंच? पण पोरांच्या राहिलं.

जागा खरोखरच फरशीसारखी होती. असायलाच हवी! मिठागराचा वाफा होता तो. फ्लॅटमधली माणसं आम्ही. मीठ पुडीत उगवतं असं वाटणारी. पावसाळा संपला की वाफ्यातलं पाणी काढतात, तळाचा चिखल उघड्या पायांनी दिवसचे दिवस तुडवतात, फळीनं चोपतात, तेव्हा कुठे ती जमीन इतकी घट्ट आणि गुळगुळीत होते की खाडीचं पाणी तिच्यावर आटून पांढरंशुभ्र मीठ धरतं. हे कोणाला ठाऊक? पोरांना दिसली ती आयती खेळपट्टी. त्यांनी बूट घातले, दगडानं ठोकून ठोकून स्टंप रोवले, बॅटीच्या टोकानं क्रीज खणली, आणि आठवडाभर अशी काही धमाल केली की विचारू नका.

पुढच्या सोमवारी शाळेच्या दारात चांगुणाबाई उभी राहिली. बोनकोड्याची, वय झालेलं, काष्टा कसलेला, आणि एका हातात मोडका स्टंप. तो वाफा तिचा आणि तिच्या नवऱ्याचा, सिताराम म्हाताऱ्याचा. दोघांनी मिळून तुडवलेला.

"कुनाची पोरां ही?" तिचा आवाज तीन मजले चढला. "माजी जिमीन खनून टाकली! पानी सोरला त सगला भोकांनी खाली जातंय, वर येतंय त नुसता चिखल. आता मीठ काय तुमचे डोस्क्यावर पिकवू?"

सुचित्राबाईंनी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग वर्गाकडे वळून एवढंच म्हणाल्या, "कोण कोण होतं?" आधी परागनं हात वर केला, मग त्याच्या दोस्तानं, मिलिंदनं, मग एकामागून एक बाकीच्यांनी. त्या वर्गात हात वर करायला पोरं भीत नसत. तीच पोरं घरी मात्र साखरेचा डबा सांडला तरी मांजरावर ढकलायची.

"तिथे खेळायला कोणी सांगितलं?" बाईंनी विचारलं. मिलिंदनं परागकडे पाहिलं. पराग जमिनीकडे बघत राहिला. "कोणी नाही, बाई." बाईंनी त्याच्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं, पण पुढे रेटलं नाही. पालकांना दुसऱ्या दिवशी यायचा निरोप धाडला.

निरोप घरी पोचला तेव्हा अरुणावहिनींच्या तोंडचं पाणी पळालं. शाळेतून बोलावणं म्हणजे काय, नाक कापलं गेलं! संध्याकाळी घंटी वाजली, बूट निघायच्या आत कोर्ट भरलं, आणि त्या दिवशी मोहित्यांना खरोखरचा राग आला. म्हाताऱ्या माणसाच्या कष्टांवर बूट घालून नाचलास? त्यांनी परागला चौकटीपासून ओढला.

"कोणी सांगितलं रे तुला तिकडे तडमडायला?"

"पण पप्पा, तुमीच—"

"उलट बोलतोस?" आणि पाठीत असा धपाटा बसला की पोराचे पुढचे शब्द पोटातच राहिले. "चूक करायची आणि वर तोंड करून बोलायचं? पुन्हा उलट बोललास तर बघ!"

पराग पुन्हा बोलला नाही. त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी नाही. अरुणावहिनींनी त्याच्या पाठीला तेल लावलं आणि डोळे पुसले, स्वतःचे.

शाळेत पालक जमले ते फणफणत. कर्णिक म्हणाले, पोरांना दम देऊ आणि मिटवून टाकू. एक आई म्हणाली, आमचा मुलगा असल्या ठिकाणी जाणारच नाही, त्याला इतरांनी नेलं. मोहिते सगळ्यांत पुढे होते. छाती काढून म्हणाले, "बाई, आमच्याकडून विषय संपला. काल मी त्याला चांगला फोडून काढलाय."

"ते तुमच्या घरचं झालं," सुचित्राबाई हळूच म्हणाल्या. "वाफा अजून तसाच आहे, मोहिते."

मोहित्यांची छाती जराशी आत गेली.

"मार खाल्ला की मुलांना मोकळं वाटतं," बाई पुढे म्हणाल्या. "हिशेब फिटला असं वाटतं. चांगुणाबाईंचा कुठे फिटला? ही मुलं रोज शाळा सुटली की वाफ्यावर जातील, बूट काढतील आणि जमीन तुडवतील. चांगुणाबाई बरं म्हणेपर्यंत. मी बरोबर असेन."

"चिखलात?" दोन-तीन आया एकदम किंचाळल्या. "आजारी पडली म्हणजे?"

"आजारी पडलं तर बरं झाल्यावर येईल. तोवर जागा ठेवू त्याची," बाई म्हणाल्या, आणि तेही इतक्या प्रेमानं की कोणाला भांडता येईना. "आणि माझी तुमच्याकडे एक मागणी आहे. एका चुकीला एकच शिक्षा. ह्यावरून आता घरी कोणी हात उचलायचा नाही, टोमणा मारायचा नाही. कबूल?"

हे म्हणताना त्यांनी पाहिलं कोणाकडेच नव्हतं. पण मोहित्यांना आपले कान तापल्यासारखे वाटले. "कबूल," ते पुटपुटले.

तर पोरं तुडवायला लागली. एका ओळीत उभं राहायचं, डावा हात शेजारच्याच्या खांद्यावर, आणि टाच-चवडा, टाच-चवडा करत इंच इंच सरकायचं. उड्या मारल्या तर जमीन फुटते, रेंगाळलं तर पाय रुततो. चांगुणाबाई बांधावरून ओरडायची, "अरे लग्नात नाचतंस का? पाय दाब, पाय!" सुचित्राबाई बांधावरच घमेलं पालथं घालून त्यावर बसायच्या आणि वह्या तपासायच्या. एका आगाऊ पोरानं विचारलं, "बाई, तुमी नाय उतरत?" "मी कुठे खेळले होते?" बाई म्हणाल्या, आणि तांबड्या शाईनं पुढची वही उघडली. पण शेवटचं पोर पाय धुऊन बूट घालेपर्यंत त्या कधी उठल्या नाहीत. एकही दिवस नाही.

खाऱ्या चिखलानं पाय भेगाळतात. चार दिवसांत परागच्या टाचा उलल्या आणि रात्री तो झोपेत कण्हायला लागला. मोहित्यांना बघवेना. सकाळी कारखान्याची वेळ चुकवून ते शाळेत गेले.

"बाई, जरा ऐका. पोराचे पाय बघवत नाहीत हो. झालं की आता. शिकला तो. त्याला सोडा, वाटल्यास मी येऊन त्याच्या वाटचं करतो."

बाईंनी त्यांना बसवलं, पिशवीतून खोबरेल तेलाची बाटली आणि मेणाची वडी काढली. "हे कोमट करून एकत्र करा आणि झोपताना त्याच्या टाचांना लावा. तुम्ही स्वतः लावा. आणि आज त्याला पाठवा."

"पण बाई—"

"त्याच्या वाटचं तुम्ही केलंत तर त्याच्या वाटचं राहूनच जाईल ना?"

एवढंच. पोराचे पाय बघवत नाहीत, मग पाठ कशी बघवली, असं बाई म्हणू शकल्या असत्या. म्हणाल्या नाहीत. पण शाळेतून बाहेर पडताना मोहित्यांना ते ऐकू आलं खरं. त्या रात्री त्यांनी तेल-मेण कोमट केलं आणि पोराच्या पायाशी बसले. परागनं पाय दिले, पण श्वास रोखून. डॉक्टरपुढे धरतात ना, तसा.

शनिवारी कारखाना अर्धा दिवस. मोहिते सायकल घेऊन सरळ मिठागरावर गेले. लांबूनच त्यांना हसणं ऐकू आलं. ओळीच्या मधोमध पराग होता, गुडघ्यापर्यंत काळा, आणि चांगुणाबाईची हुबेहूब नक्कल करत होता: "अरे लग्नात नाचतंस का?" पोरं खिदळत होती, बांधावर चांगुणाबाई पदर तोंडाला लावून हसत होती, सुचित्राबाईंच्याही वहीवर पेन थांबलं होतं. मोहित्यांनी त्या दिवशी जिन्यात जे भिंतीआडून ऐकलं होतं, ते आज डोळ्यांनी पाहिलं. आपलं पोरगं एवढं मजेशीर आहे हे त्यांना माहीतच नव्हतं. कौतुकानं ते पुढे झाले आणि सायकल बांधाला लावताना घंटी वाजली.

परागचं हसणं थांबलं. नेहमीसारखं. खांदे आत गेले, नजर खाली.

"तुमचा का यो पोऱ्या?" चांगुणाबाई म्हणाली. "लय नेटानी तुरवतंय. सगल्यांत पयला येतंय. पन हट्टी हाय! हितं खेलाया कुनी पाठवला त्याचा नाव काय सांगत नाय."

"काका, तुमीच तर बोललेलात!" मिलिंदच्या तोंडून निसटलं.

"गप रे!" पराग ओरडला.

"का गप? काकांनीच सांगितलेलं. रविवारी, झोपलेले तेव्हा. रस्त्यापलीकडे फरशीसारखी जागा आहे, जा तिकडे म्हणून!"

मोहिते रस्त्याकडे वळून बघत राहिले. तोच रस्ता. रोजचा. तिथून हा वाफा दिसायचा, उन्हात फरशीसारखा चकाकत. मग ती रविवारची दुपार आठवली, कर्णिकांची तक्रार, स्वतःचा जांभई देणारा आवाज. आणि मग तो धपाटा आठवला. अरे देवा! आपणच पाठवलं, आणि आपणच विचारलं, कोणी सांगितलं म्हणून.

"पराग," ते म्हणाले, "तू का नाही सांगितलंस मला?"

"सांगत होतो," पराग म्हणाला. "तुमी म्हणालात, उलट बोलू नको."

त्या आवाजात तक्रार नव्हती हो, तेच तर वाईट! पोरानं नुसतं जे झालं ते सांगितलं. मोहित्यांनी सुचित्राबाईंकडे पाहिलं. काहीतरी बोला, रागवा तरी. बाई वही तपासत होत्या. त्या काही बोलणार नव्हत्या. नियम सगळ्यांना पाठ होता.

मोहिते खाली बसले. कारखान्याच्या जाड बुटांच्या नाड्या सोडल्या, मोजे त्यात कोंबले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली. पोरांच्या माना लांब झाल्या.

"मोहिते," बाई वहीतून डोकं न काढता म्हणाल्या, "घड्याळ काढून ठेवा. खारं पाणी लागलं तर बंद पडेल."

मोहित्यांनी घड्याळ काढून बाईंच्या पुढ्यात ठेवलं आणि चिखलात उतरले. थंडगार काळा चिखल बोटांतून वर आला. ते ओळीत शिरले, परागच्या शेजारी. नियमाप्रमाणे डावा हात शेजारच्याच्या खांद्यावर ठेवायचा होता. त्यांनी हात उचलला आणि परागनं मान खांद्यात घातली.

सगळ्यांनी पाहिलं. मोहित्यांनीही पाहिलं. हात तसाच वर राहिला. त्यांना तो मागे घ्यावासा वाटला, पळून जावंसं वाटलं. ते गेले नाहीत. हात तसाच धरून ते म्हणाले, "माझी चूक होती, बाळा. तुला मारलं तीसुद्धा. मी उलट बोलणार नाही. तू सांग, पाय कसा टाकायचा?"

परागनं चिखलातून एक पाय उपसला. मग म्हणाला, "आधी टाच. मग चवडा." आणि जरासा अलीकडे सरकला, इतका की हात आपोआप खांद्यावर आला.

चांगुणाबाईला एवढा वेळ गप्प राहण्याची सवय नव्हती. "बापसाला सांग रं, कारखान्यान नाय उभा हाय!" ती ओरडली. "पाय दाब म्हनावा, पाय!" आणि पोरांनी जो हशा पिकवला, त्यात मोहितेही सापडले. अंधार पडायच्या आत ती ओळ वाफ्याच्या त्या टोकाला पोचली.

वाफा पुरा व्हायला पुढे बरेच दिवस गेले. मोहिते जमेल तेव्हा येत राहिले, आणि चांगुणाबाईनं 'बरा झाला' म्हटलं त्या दिवशी बाईंनी बांधावर सगळ्यांना शेंगा दिल्या, मोहित्यांनाही. कोणी खेळपट्टीचं नाव काढलं नाही. घरीही एक गोष्ट बदलली. अरुणावहिनींना मोहित्यांनी हात जोडून सांगितलं, "मी यायची वाट नको बघूस. जे झालं ते तेव्हाच बघ, नाहीतर तो सांगेल मला." वहिनी म्हणाल्या, "आणि त्यानं नाही सांगितलं तर?" खरं तर मोहित्यांनाही तीच धाकधूक होती.

उन्हाळ्याच्या तोंडाला एका संध्याकाळी मोहिते वसाहतीत वळले, घंटी वाजवली, सायकल लावली. वरून हसणं येत होतं. ते जिना चढले, दार वाजवलं, आणि हसणं थांबलं. मोहित्यांचा पाय उंबऱ्यातच अडखळला. इतकं करून पुन्हा तेच?

दार परागनं उघडलं. चौकटीकडे पळाला नाही. तिथेच उभा राहिला, बापाच्या अगदी पुढ्यात, इतका जवळ की त्याच्या केसांतली खडूची भुकटी दिसावी.

"पप्पा, आज मी वैशालीकाकूंची तुळशीची कुंडी फोडली. बॉल लागून. मी त्यांना सांगितलंय. तुळस डब्यात लावलीय, पण कुंडी आणायला बोनकोड्याला कुंभाराकडे जायला लागेल. तुमी येता का? नुसते बरोबर या. कुंडी मीच उचलणार."

मोहित्यांनी हात पुढे केला आणि त्याच्या केसांतली भुकटी झटकली. पोरानं मान हलवली नाही.

"चल," मोहिते म्हणाले, "बूट काढलेच नाहीत अजून."